‘दुखेल’ म्हणणारे डॉक्टर

माझ्या पाच वर्षांच्या लेकीला ते ‘सुमाताई, आपण बसता का?’ असं विचारत, आणि मला ‘घरवाल्या बाई, तुम्ही जरा गप्प राहा’ म्हणत. बिऱ्हाडकरू असून! पडवीला लागून असलेली रस्त्याकडची खोली आमची, पाणी आमच्या विहिरीचं, सकाळचा चहा बहुतेक वेळा माझ्या हातचा. पण सहा वर्षांत त्यांनी माझ्याशी बोलताना आवाज कधी खाली आणला नाही आणि पोरांशी बोलताना कधी वर नेला नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच, असं मी शेजारणींना सांगत असे.

ते दातांचे डॉक्टर होते, तेही फक्त लहान मुलांच्या दातांचे. आज कोणाला याचं नवल वाटणार नाही, पण मी सांगते आहे ती गोष्ट एकोणीसशे तिसाच्या सालाच्या पुढेमागे रत्नागिरीत घडलेली. दात दुखला की लवंग, फार दुखला की मिश्री, आणि अगदीच राहवेना तर सरकारी दवाखाना, एवढीच वाट लोकांना ठाऊक. दुधाचे दात तर काय, पडायचेच. पडायच्या दाताला डॉक्टर कशाला हवा? वठलेल्या माडाला कोणी पाणी शिंपतं का, असं आमच्या सासूबाई म्हणत. गावानं डॉक्टरांचं नाव ‘दुधदाते’ ठेवलं. बाहेरगावची माणसं ते आडनावच समजायची आणि ‘दुधदात्यांचं घर कुठलं हो?’ म्हणून विचारत यायची. त्यांना त्याचा राग नव्हता. राग यायला त्यांच्याकडे दुसरी पुष्कळ कारणं होती.

कलकत्त्याला दातांचं शास्त्र शिकून ते आले होते. मूळचे मुरुडचे, पण घरच्यांशी काही पटलं नसावं, कारण गावाला जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मांडवी बंदरात बोटीतून लहान पडावात आणि पडावातून धक्क्यावर त्यांचं सामान उतरलं, त्यात एक पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र होतं. चार हमाल ते डोक्यावर घेऊन आमच्या गल्लीत आले तेव्हा बायका शिवणयंत्र आलं म्हणून बघायला धावल्या. एकीनं तर चोळ्या शिवायला टाकू का, असंही विचारलं. ‘टाका. पण पोराला घेऊन या,’ म्हणाले.

खुर्ची त्यांनी इथल्याच सुताराकडून करून घेतली. फणसाच्या लाकडाची, बुटकी, पोराचे पाय जमिनीला टेकतील अशी. स्वतः तिच्यासमोर पाटावर बसत. माणूस उंच, हडकुळा. पाटावर बसले की गुडघे पार कानाशी यायचे, आणि खालचा दात बघायचा तर अर्धवट उठून मान मोडून घ्यावी लागायची. पण हट्ट असा, की डॉक्टराचं डोकं पोराच्या डोक्यावर जाता कामा नये. ‘वरून येणाऱ्या हाताला पोर भितं. तुम्हीही भ्याल,’ म्हणायचे.

आरसा, चिमटे, पकड सगळं पांढऱ्या फडक्यावर उघडं मांडलेलं असे. काही लपवायचं नाही. पोरांनी प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, मग तेच सगळं पुन्हा उकळायचं. त्यांचा स्टोव्ह दिवसभर फरफरत असे आणि सासूबाई दिवसभर त्याला शिव्या देत. त्यांच्या स्वतःच्या तोंडात समोरचा एक दात नव्हता. पोरं पहिल्यांदा तेच विचारायची. ‘लहानपणी देवापुढचा गूळ चोरून खायचो. तुमचा जाऊ नये म्हणून इथे बसलोय,’ असं उत्तर मिळे. तेच मोठ्या माणसानं विचारलं तर, ‘तुम्हाला काय करायचंय?’

त्यांचे नियम दोन. पोराला खोटं सांगून आणायचं नाही, आणि पोरानं आपणहून तोंड उघडल्याशिवाय हत्यार आत जाणार नाही. ‘दुखेल?’ असं पोरानं विचारलं आणि दुखणार असेल, तर सरळ ‘दुखेल’ म्हणत. किती दुखेल आणि किती वेळ दुखेल, तेही सांगत. मी आतल्या खोलीत तांदूळ निवडताना हे ऐकत असे आणि कपाळाला हात लावत असे. असं सांगितल्यावर कुठलं पोर तोंड उघडणार? तरी उघडायची. सगळी नाही, पण बरीच.

मांडवीकडचे एक मुसलमान शेट होते. त्यांची गलबतं जयगडपासून मुंबईपर्यंत जायची, गावात दबदबा मोठा. एकदा नातवाला घेऊन आले. डॉक्टरांनी पोराला विचारलं, ‘आपण कुठे आलात?’ पोरगा म्हणाला, ‘खाजं खायला.’

डॉक्टर पाटावरून उठले. म्हणाले, ‘शेट, ह्यांना बाजारात न्या आणि खाजं घेऊन द्या. उद्या खरं सांगून आणा.’

‘डाक्टर, पोराला समजवायला काय तरी बोलावं लागतंच की.’

‘तुमचं पोर, तुमची जीभ. खुर्ची माझी.’

शेट लालबुंद झाले. माझ्या गलबतांवरचे तांडेल माझ्याशी असं बोलत नाहीत, म्हणाले, आणि तरातरा निघून गेले. मला वाटलं, आता ह्या माणसाचं रत्नागिरीतलं बस्तान उठलं. पण दुसऱ्या दिवशी शेट पुन्हा आले, पोराला खरं सांगून. पोरानं दारातूनच भोकाड पसरलं आणि शेटांनी त्याला परत नेलं. तिसऱ्या दिवशी मात्र पोर एकटं आत गेलं, आणि शेट माझ्या ओट्यावर बसून जपमाळ ओढत राहिले. आतून एकदा जोरात रडण्याचा आवाज आला तेव्हा त्यांची बोटं थांबली, डोळे मिटले. पोर बाहेर आलं ते गालाला हात लावून, पण ताठ मानेनं. ‘बाई, ह्या माणसानं मला म्हातारपणी तीन दिवस शाळेत बसवलंन,’ असं शेट मला म्हणाले. ते हसत होते, पण कपाळावर घाम होता.

डॉक्टर रस्त्यानं चालले की समोरच्या पोराला हसायला सांगत आणि दात मोजत. बायकांना वाटायचं, मेला दृष्ट लावतो. तान्ह्या पोराच्या तोंडात गुळाची पुरचुंडी दिसली की भर बाजारात त्याच्या आईशी भांडत. ‘दुधाचे दात पडायचेच आहेत’ असं कोणी म्हटलं, की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. बोटीच्या डेकवर आपण वळकटी टाकून मागून येणाऱ्या माणसाची जागा धरतो ना? दुधाचा दात म्हणजे ती वळकटी. ती कोणी आधीच उचलून फेकली, तर पक्का दात येईल तेव्हा उभं राहायलाही जागा उरणार नाही. मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येकाला हे पटायचं. बोटीत जागेवरून डोकी फुटलेली सगळ्यांनी पाहिली होती.

आणि हाच माणूस आंब्याच्या साठांवर जीव टाकत असे! मी वाळत घातलेल्या साठांतला तुकडा हळूच कापून घ्यायचा, विहिरीच्या मागे जाऊन खायचा, आणि लगेच बाभळीच्या काडीनं पाच मिनिटं दात घासत बसायचं. मी एकदा पकडलं. ‘चोरीचं पाप काडीनं जात नाही हो डॉक्टर,’ म्हटलं. तोंडात काडी धरूनच ते म्हणाले, ‘पापासाठी नाही, दातांसाठी घासतोय.’

हे सगळं सांगितलं ते माणूस कळावा म्हणून. खरं सांगायचं आहे ते दुसरंच, आणि त्यात चूक माझी आहे.

सुमीच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेला काळा ठिपका दिसायला लागला, तेव्हा मीच तिला पडवीतल्या खोलीत नेलं. जाताना म्हटलं, ‘नुसतं बघणार आहेत हो, हातसुद्धा लावणार नाहीत.’ आपण पोरांना असं म्हणतोच. डॉक्टरांनी ते ऐकलं नव्हतं. त्यांनी तिला विचारून बारीक सळई दाढेवर टेकवली. सुमी किंचाळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू म्हणालीस हातसुद्धा लावणार नाहीत!’

डॉक्टरांनी सळई खाली ठेवली. खोलीत आणखी दोन बायका आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मला म्हणाले, ‘तुम्ही हिच्याशी खोटं बोललात. आता ही तोंड उघडणार नाही. दाढ कोरून भरता आली असती. ती संधी तुम्ही घालवलीत.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं घर, माझी पोर, आणि हा उपरा मला चारचौघींत खोटारडी ठरवतो? मी सुमीला उचललं आणि निघून आले. त्या दिवसापासून त्यांना चहा बंद, बोलणं बंद. ते सुमीला रोज ‘सुमाताई, कशा आहात?’ विचारायचे, पण ती त्यांना बघून तोंडावर हात ठेवायची.

पंधरा दिवसांनी दाढ ठणकायला लागली. पोर गालाला हात लावून कण्हत बसायची. डॉक्टर माझ्याच पडवीत, भिंतीपलीकडे, आणि मी काही तिला तिकडे नेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मी माझ्या तोऱ्यापायी घातला. आमचे हे जयगडला कस्टम खात्यात, शनिवारचे घरी येत. विचारायला घरात सासूबाईच. त्या म्हणाल्या, ‘अगो, दाढेत किडा आहे तो. धुरी दिली की पडतो. मी लहानपणी पाडून घेतलेय.’ आणि दाढेचे किडे पाडणारी म्हातारी त्यांनी बोलावून आणली.

म्हातारीनं लोखंडी पळी लाल होईपर्यंत तापवली. तिच्यावर काटेरी रिंगणीच्या वाळक्या बिया आणि तेल टाकलं, वर भोक पाडलेली करवंटी उपडी घातली, आणि भोकाला पपईच्या पानाची पोकळ दांडी लावली. तो धूर दाढेवर घ्यायचा, पळीखाली पाण्याची परात. सुमीला आम्ही काय सांगितलं? ‘आजी गोष्ट सांगायला आलेय, जवळ बस.’ ती बसली, आणि मी मागून तिच्या डोक्यावर घोंगडी टाकली. सासूबाईंनी हात धरले, मी डोकं धरलं. माझ्या हाताखाली तिचं डोकं कसं धडपडत होतं ते आजही मला आठवतं. आठवतं म्हणण्यापेक्षा, हाताला लागतं.

परातीत पांढरे बारीक किडे तरंगत होते. सात-आठ असतील. सासूबाईंनी कपाळाशी हात जोडले. आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून सुमीची दाढ दुखायची थांबली. मी मुद्दाम ती परात ओट्यावर, डॉक्टरांना दिसेल अशी ठेवली. त्यांना काही दिसावं अशी माझी फार इच्छा होती.

त्यांनी पाहिली. खाली बसले, म्हातारीच्या सांडलेल्या बियांतली एक उचलली, पाण्यात घासली आणि नखानं सोलली. आतून तसाच पांढरा, वळलेला कोंब निघाला. तो त्यांनी परातीत सोडला. इतर किड्यांत तो ओळखूही येईना.

‘हा तुमचा किडा. बी तापली की फुटते आणि हा उडून पाण्यात पडतो. दुखायचं थांबलं म्हणून खूश होऊ नका. दात आतून मेला म्हणून थांबलं. आता खालून पू होईल.’

मला बीही दिसत होती आणि कोंबही. तरी मी म्हटलं, ‘तुम्ही तुमच्या खोलीत बसा.’

चौथ्या दिवशी सुमी उठली ती अंगात ताप घेऊन. डावा गाल टरारलेला, सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरलेली, कातडी लालसर आणि गरम. लाळ गिळताना तिला मान पुढे काढावी लागत होती. तोरा कुठल्या कुठे गेला. मी अनवाणी पडवीत धावले.

ते आत आले. सुमी माजघरात भाताच्या कणगीमागे शिरली होती, दोन्ही हातांनी तोंड गच्च धरून. ते चार हात लांब जमिनीवर बसले आणि तिथूनच बघत राहिले. मग तिला म्हणाले, ‘सुमाताई, मी जवळ येत नाही. आपणच आपली बोटं दातांत धरून बघता का? किती जातात?’ तिनं आमच्याकडे पाठ करून पाहिलं असावं. ‘दोन,’ असा आवाज आला.

मला ते ओटीवर घेऊन गेले. म्हणाले, ‘सूज गळ्याकडे चाललेय. दाढ आज काढायला हवी. जबडा धरत चाललाय. दोन बोटं जातात तोवर पकड जाईल. एकच जायला लागलं की जाणार नाही.’

‘मग धरून काढा! मी धरते.’

‘धरलंत तर ती दात आवळणार. तरी जोरानं उघडलं, तर ती ओरडताना दाढेमागचा पू श्वासाबरोबर आत जाईल. मान पुढे करून तिनं स्वतः तोंड उघडं ठेवायला हवं.’

‘सरकारी दवाखान्यात नेऊ?’

‘मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, परवा येतील. परवापर्यंत—’ एवढं बोलून ते थांबले. खोटं बोलणारा माणूस इथे दुसरं काही तरी म्हणाला असता.

‘म्हणजे तुमचा नियम माझ्या पोरीच्या जिवाहून मोठा!’ मी ओरडले.

ते पहिल्यांदाच हळू बोलले. ‘दुपारी बोटीचा भोंगा होईपर्यंत तिनं उघडलं नाही, तर चादरीत गुंडाळून मी काढीन. नियम गेला खड्ड्यात. पण तसं काढताना ती वाचेलच, असं मी तुम्हाला सांगणार नाही.’

मग ते परत माजघरात जाऊन बसले, आणि बोलायला लागले. ‘सुमाताई, दाढ काढायची आहे. दुखेल. सुई टोचून औषध घालीन, पण सुजलेल्या जागी ते अर्धंच लागतं. ठेच लागून नख निघतं, त्याहून जास्त दुखेल. आपण सावकाश दहा आकडे म्हणाल, तितका वेळ. मग बरं वाटेल.’

कणगीमागे ती आणखी आत सरकली.

सासूबाई मला कोपरानं ढोसत होत्या. ‘अगो, काय हा माणूस! पोरीला धीर द्यायचा की भेवडवायचं? तू सांग तिला, काही दुखत नाही म्हणून.’ मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या सांगण्याला त्या घरात काही किंमत उरली नव्हती, आणि ती माझ्याच हातानं गेली होती. मी कणगीजवळ गेले. ‘सुमी, मी खोटं बोलले गं. त्या दिवशीही आणि धुरीच्या दिवशीही. डॉक्टर खरं बोलतायत.’ तिनं माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांच्या पोरीनं आईकडे तसं बघू नये.

उन्हं अंगणाच्या मधोमध आली. डॉक्टरांनी पुन्हा बोटं विचारली. ‘दोन,’ म्हणाली, पण बऱ्याच वेळानं, आणि बोटं काढताना रडली. ते उठून खोलीत गेले. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. हत्यारं उकळत होती. घरात कोणी जेवलं नव्हतं, चूलही पेटली नव्हती.

ते परत आले तेव्हा सुमीनं तोंडावरचा एक हात काढला. सुजलेल्या गालामुळे शब्द जड येत होते. ‘आधी आईचा काढा,’ म्हणाली.

‘मी मोठ्यांचे काढत नाही, सुमाताई.’

‘मग माझा पण नाही.’

‘काढा,’ मी म्हटलं.

माझी उजवीकडची शेवटची दाढ सुमीच्या जन्मापासून दुखत होती. मी ती मिश्री दाबून गप्प ठेवली होती. डॉक्टरांनी मला दिव्याजवळ नेऊन ती पाहिली. ‘ही तशीही काढायला हवी. पण भुलीचं औषध एकाच माणसापुरतं आहे. नवीन औषध बोटीनं येईल तेव्हा काढू.’

‘तिला ठेवा.’

‘मुळं तिरपी दिसतात. वेळ लागेल.’

‘तुम्ही सगळ्यांना इतकं खरं सांगत बसू नका हो,’ मी म्हटलं, आणि त्या पोरांच्या फणसाच्या खुर्चीत जाऊन बसले. माझे गुडघे हनुवटीशी आले. दुसऱ्या वेळी मी स्वतःच हसले असते. सुमी भिंत धरून धरून दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तिला सगळं दिसावं म्हणून डॉक्टर माझ्या एका बाजूला सरकले.

त्या दाढेचं मी काय सांगू? मला दोन बाळंतपणं झाली होती, एक मूल गेलं होतं. दुखणं मला नवीन नव्हतं. पण तेव्हा ओरडता येत होतं. इथे ओरडले तर पोर पळणार, म्हणून मी खुर्चीच्या हातांना नखं रोवली. दाढ एकदा हलली आणि पुन्हा बसली. डॉक्टरांचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता. काही तरी आत कट्कन मोडलं, ते दाढ की माझा जबडा तेही मला कळलं नाही. माझे पाय जमिनीवर आपोआप आपटत होते, ते मला थांबवता आले नाहीत. मग एकदम तोंड रक्तानं भरलं आणि समोरच्या तबकात काही तरी टणकन पडलं.

मी रक्त थुंकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुमी दारातच होती. ती एक पाऊल आत आली.

‘दुखलं?’ तिनं विचारलं.

तिच्या मागे सासूबाई उभ्या होत्या. त्या जोरजोरात मान हलवून मला ‘नाही म्हण, नाही म्हण’ अशी खूण करत होत्या. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून हात धूत होते, मला सोडवायला ते येणार नव्हते. माझ्या मनात दोन्ही उत्तरं तयार होती. खरं सांगितलं तर ती पुन्हा कणगीमागे जाईल, आणि मग चादर. खोटं सांगितलं तर कदाचित बसेलही. माझी जीभ सवयीनं ‘नाही’कडेच वळत होती.

‘हो,’ मी म्हटलं. ‘फार दुखलं गं. अजून दुखतंय.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘ऊठ तिथून.’

मी उठले. ती खुर्चीत चढून बसली, मान पुढे केली आणि तोंड उघडलं. पुरतं उघडत नव्हतं. ती दोन्ही हातांनी हनुवटी खाली ओढत होती. डॉक्टर पाटावर बसले. ‘सुई आधी. हीही टोचेल,’ म्हणाले. तिनं डोळे मिटले नाहीत. पकड आत गेली तेव्हा ती ओरडली. मांडवीच्या धक्क्यावर ऐकू गेलं असेल, इतकं ओरडली, पण हात मध्ये आणला नाही. दाढ निघाली आणि तिच्यामागून घाण पू तबकात वाहत राहिला. पू वाहत होता आणि डॉक्टर मोठ्यानं आकडे म्हणत होते. सातावर आले तेव्हा तिनंही ‘आठ’ म्हटलं.

तिचा गाल पुसून, पाणी देऊन झालं. ते बाहेर ओटीवर आले आणि माझ्या शेजारी बसले. असे ते कधी बसले नव्हते. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. खाली बंदराकडे बोटीचा भोंगा झाला.

‘पाटाखाली चादर घडी करून ठेवली होती. तुम्ही तिला दुखलं नाही म्हणाला असतात आणि तिनं ते ओळखलं असतं, तर मी ती चादर उचलणार होतो,’ ते म्हणाले. ‘घरवाल्या बाई, मला फार भीती वाटली होती.’

मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. पण तोंडात कापसाचा बोळा होता, आणि सुमी माझ्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून.